मोजायचं कुठे

रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला सगळे करारबाई म्हणत. बाहेरच्या कंपन्यांकडून संगणकाच्या कुठल्या सेवा घ्यायच्या ते ठरवायचं आणि त्या कबूल केल्याप्रमाणे चालतात का ते बघायचं, हे तिचं काम. ऐकायला बरं वाटतं. पण सुरळीत चाललं की कुणी कुत्रं विचारत नाही, आणि अडलं की खापर हिच्याच डोक्यावर. जिन्याखालच्या तिच्या खोलीत एसीचं पाणी ठिबकायचं. खालची बादली तीच ओतून यायची, कारण ते काम कुठल्याच करारात बसत नव्हतं.

तपासण्यांचे रिपोर्ट वॉर्डात दाखवायची सेवा एका जुन्या कंपनीकडे होती. तिचा करार आता संपत आला होता. कंपनीचा दरमहा अहवाल यायचा: सगळं उत्तम, तक्रारीला जागा नाही. आणि वॉर्डातली मोठी नर्स जिन्यात गाठून म्हणायची, "बाई, ते चक्र नुसतं फिरतंय हो स्क्रीनवर. पेशंटच्या माणसांना मी काय सांगू?"

बरं, खोटं कुणीच बोलत नव्हतं. कंपनी मोजायची आपल्या मशीनच्या दाराशी. रिपोर्ट तिथून वेळेत निघाला की तो पोहोचला असं धरायचं. मग वाटेत रखडला तर त्याचं नशीब! करारच तसा होता, आणि तो लिहिणारी हीच. आता सांगणार कुणाला?

नवी कंपनी फार मोठं काही कबूल करत नव्हती. पण जे करू ते नर्सच्या स्क्रीनवर मोजू, असं लिहून द्यायला तयार होती. मात्र सेवा बदलायची म्हणजे दोन-तीन महिने घरदार विसरायचं. आणि हिची रजा तर सोमवारपासून. धाकटी बहीण दूरच्या गावी आईला सांभाळत होती. आई आता फार थकली होती. "या खेपेला नक्की येते," असं हिनं बहिणीला सांगून ठेवलं होतं.

"जुनीच ठेवा की," साहेब म्हणाले. "आकडे चांगले आहेत. कशाला विकतचं दुखणं घेताय?"

खरं तर तिलाही तेच हवं होतं. या नोकरीचा तिला वीट आला होता. सही करावी आणि आईच्या उशाशी जाऊन पडावं, बस. पण शेवटचं म्हणून ती वॉर्डात डोकावली. मोठी नर्स एका म्हाताऱ्याचं मनगट धरून स्क्रीनकडे बघत उभी होती. म्हातारा विचारत होता, "आलं का?" नर्स म्हणत होती, "येईल हं." करारबाई खाली आली आणि नव्या कंपनीचं नाव लिहून मोकळी झाली.

मग तिनं बहिणीला फोन लावला. "अगं, रजा रद्द झाली. आईला जरा समजाव. वाट बघत असेल."

"आईला मी सांगितलंच नव्हतं, ताई." बहिणीचा आवाज शांत होता. "मागच्या खेपेला सांगितलं, तर केस विंचरून अंधार पडेपर्यंत दारात बसली होती. येते म्हणालीस की तुला बरं वाटतं गं. तिला उठवून दार मात्र मी लावते."

करारबाईनं फोन खाली ठेवला. बादली भरून पाणी फरशीवर आलं होतं, पण तिला उठवेना.