काठीवाल्या सावळारामाचं पडणं

सकाळी देवाच्या वाती वळायला बसले होते. निम्म्या झाल्या होत्या, निम्मा कापूस मांडीवर, तोच सावळाराम रिकामी बाटली घेऊन अंगणात उभा राहिला. भोरला निघालोय, काही आणायचं असलं तर सांगा, म्हणाला. माघापासून हा माणूस दिसला की सगळ्या उत्रोली गावाला हसू येतं. मलाही आलं. त्याला म्हटलं, घटकाभर टेक, तांब्याभर पाणी पी. आणि वाती बाजूला सारून आधी हे लिहायला घेतलं.

सावळाराम आमच्या भैरोबाच्या काठीचा मानकरी. चैत्रातल्या जत्रेला ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून देवळाला फेरा घालायचा, हा मान त्याच्या घरात आजोबांपासून. नियम एकच. काठीवाल्याचा पाय वर्षभरात कुठं घसरता कामा नये. जो पडला त्याच्या हातून काठी गेली. म्हणून सावळाराम चालतो तेच मुळी देवाच्या भीतीनं. डोक्यावर रोपांचा भारा असो, बांध शेवाळलेला असो, पायाची बोटं मातीत अशी रुतवतो की झाडानं मुळं धरावीत. आणि त्याचा चुलतभाऊ नाथा माणसाच्या तोंडाकडे बघावं तसा त्याच्या पायांकडे बघत असतो. काठी त्यालाही हवी आहे.

गेल्या आषाढात चांगली उघडीप पडली, तेव्हा पुण्याची एक सिनेमा कंपनी गावात आली. आमचे हे शाळामास्तर, म्हणून मंडळी आमच्याकडेच उतरली. सिनेमा मुका, अगदी छोटा, नुसता हसवायचा. कोट, हॅट, बूट घातलेला जावई सासुरवाडीला येतो आणि भाताच्या खाचरात आपटतो, एवढीच गोष्ट. पण त्यांचा नट आपटायच्या जागेपर्यंत पोचेच ना. कॅमेरा सुरू व्हायच्या आतच दोन खाचरं अलीकडे पडायचा. शेवटी कमरेत उसण भरून आमच्या ओसरीवर पालथा पडला आणि मी वीट तापवून दिली.

मग कंपनीच्या मालकांची नजर सावळारामावर गेली. त्यांनी पडायची गळ घातली. तो म्हणाला, चालीन म्हणाल तेवढं, पडणार न्हाई. मालक म्हणाले, बरं, नुसता चाल, पडायचं नटाची कमर सुटल्यावर बघू. तेव्हा सावळारामानं कोट चढवला, हॅट डोळ्यांवर ओढली आणि जन्मात पहिल्यांदा बूट घातले. बूट घालूनही पठ्ठ्या बांधावरून सरळ चालत आला.

पण खाचरात आवणी चालली होती. आमच्याकडे रीत अशी की भात लावताना परका माणूस बांधावरून निघाला की बायका त्याच्या पायापुढे रोपांची मूठ ठेवतात. त्यानं खुशीनं काहीतरी द्यावं आणि पुढं जावं. न देता सटकला तर त्याला चिखल फासायचा. त्या दिवशी बायकांत पुढं होती सोजराबाई, सावळारामाचीच बायको. पुण्याचा नट आला असं समजून तिनं मूठ टाकली.

नट असता तर ओलांडून गेला असता. सावळाराम भाताची लक्ष्मी कशी ओलांडणार? उचललेला पाय त्यानं अधांतरीच आवरला. दुसऱ्या पायाची बोटं माती शोधायला लागली, तर ती बुटात. एक हात गोल फिरला, मग दुसरा फिरला, हॅट एका खाचरात गेली आणि सावळाराम दुसऱ्यात, पालथा. वर आला तेव्हा तोंड ओळखायची सोय नव्हती. पाहुणा खुशी बुडवून पळतोय असं वाटून सोजराबाईनं वरून आणखी ओंजळभर फासला, बाकीच्याही धावल्या. त्यानं चिखल थुंकून "अगं, म्या हाय," म्हटलं, तेव्हा ती तिथंच पाण्यात बसली. कॅमेरेवाला हँडल फिरवतच होता.

नाथानं त्याच दिवशी जाऊन ज्ञानोबा गुरवांकडे काठी मागितली. ज्ञानोबा भैरोबाचे पुजारी, त्यांचा शब्द गाव मानतं. ते म्हणाले, ऐकलेल्यावर मान काढत नाहीत. सिनेमा येईल तेव्हा डोळ्यांनी बघू. तेव्हापासून सावळाराम अर्ध्या भाकरीवरून उठू लागला आणि सोजराबाई रोज देवळाची पायरी सारवू लागली. चिखल देवाच्याच पायरीला लावते आता, असं बायका म्हणायच्या.

माघात भोरला सिनेमाचा तंबू लागला. सगळी उत्रोली चालत गेली. पडद्यावर सावळारामाचे हात गोल फिरू लागले तशी माणसं हसून एकमेकांच्या अंगावर पडली. नाथा मात्र उभा राहिला.

"गुरवबाबा, पडला का न्हाई?"

"पडला," ज्ञानोबा म्हणाले. सावळारामानं मान खाली घातली.

एवढ्यात लोकांनी पुन्हा दाखवा म्हणून गिल्ला केला, आणि तंबूवाल्यानं गंमत म्हणून हँडल उलटं फिरवलं. चिखल सावळारामाच्या तोंडावरून सुटून बायकांच्या ओंजळीत गेला. हॅट उडत येऊन डोक्यावर बसली. आणि तो आपोआप खाचरातून उठून बांधावर उभा, कोरडा ठणठणीत. ज्ञानोबांनी हात जोडले.

"पाडला त्यो बायकूनं. पर उचलला कुणी? कुणाचा हात लागल्याला दिसला का रं, नाथा?"

नाथाला कुणाचा हात दिसला नव्हता. काठी जिथं होती तिथंच राहिली.

परत येताना यांनी मला हँडलाची सगळी युक्ती समजावून सांगितली. मी ऐकून घेतली. पण नेमक्या त्याच वेळी उलटं फिरवायची बुद्धी त्या माणसाला कुणी दिली, ते यांना सांगता आलं नाही.

सावळारामाचं पाणी पिऊन झालंय. जत्रा तोंडावर आली. मीही माझी तेलाची बाटली त्याच्याकडे दिली. आता तो भोरच्या घाण्यावर जाईल, काठीला चोळायला तेल आणायला.