शेवटच्या चार ओळी

“त्या ओळी डॉक्टरांनी लिवल्या होत्या का न्हवत्या, तेवढं सांगा. दुसरं काय न्हाई विचारायचं मला.”

बाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. खुर्ची पुढे केली, बसल्या नाहीत. हातात आमच्या रविवारच्या पुरवणीचं कात्रण होतं, चार घड्या घातलेलं. नाव शोभाताई, वय पस्तिशीचं. सकाळच्या एसटीने वडवणीहून आल्या होत्या. तिथे त्यांच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या सासूबाई वारल्या होत्या.

मी तेव्हा बीडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं तपासणारा, त्याला मथळा देणारा आणि पानावरच्या जागेत बसवणारा माणूस. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. बीडमध्ये नवी दुकानं निघत होती, जाहिराती वाढत होत्या आणि पुरवणीतला मजकूर त्या प्रमाणात आखडत होता.

पुरवणीत ‘डॉक्टरांना विचारा’ हे सदर मी पाहायचो. वाचकांची पत्रं मी निवडायचो. अंबाजोगाईचे एक निवृत्त डॉक्टर उत्तरं लिहायचे. त्यांचं पाकीट दर बुधवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचं. अक्षर डॉक्टरचं असून वाचता येत होतं.

शोभाताईंचं पत्र मीच निवडलं होतं. खाली ‘एक सून, वडवणी’ एवढीच सही. मजकूर थोडका होता. “सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. सकाळी पाच आणि संध्याकाळी चार गोळ्या घेतात. गोळ्यांनीच पोट भरतं, भाकरी अर्धी उरते. उठलं की चक्कर येते. या वयात एवढ्या गोळ्या खरंच लागतात का?”

प्रश्न चांगला होता. डॉक्टरांनाही आवडला. त्यांनी नेहमीपेक्षा लांब उत्तर लिहिलं. उतारवयात शरीर औषध हळू बाहेर टाकतं. साठाव्या वर्षी बरोबर असलेला डोस अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी जास्त होतो. ब्लडप्रेशर फार खाली गेलं की चक्कर येते. पित्ताच्या, ताकदीच्या गोळ्या पुष्कळदा नुसत्या सवयीने चालू राहतात. एक डॉक्टर लिहून देतो, दुसरा वर भर घालतो, कमी कुणीच करत नाही. एवढं लिहून शेवटी त्यांनी एक छोटा परिच्छेद घातला होता. छापताना त्याच्या चार ओळी भरल्या.

“मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. फिटची किंवा हृदयाची गोळी एकाएकी थांबवली तर जिवावर बेतू शकतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि कोणती लागते, कोणती नाही, ते त्यांना ठरवू द्या.”

पुरवणीची पानं गुरुवारी दुपारी जुळवून लागायची. कॉम्प्युटरवर मजकूर टाइप व्हायचा. त्याची चकचकीत कागदावरची प्रत निघे, तिला ब्रोमाइड म्हणत. ती ब्लेडने कापून मोठ्या कागदावर डिंकाने चिकटवायची. त्या दिवशी पान लागून झालं आणि जाहिरात विभागाचा माणूस धावत आला. रंगीत टीव्हीच्या नव्या दुकानाची जाहिरात ठरल्यापेक्षा उंच झाली होती. ‘जुना द्या, नवा न्या.’ तिच्यासाठी चार ओळींची जागा हवी होती.

बातमीदारीत पहिल्या दिवशी शिकवतात, की महत्त्वाचं सगळ्यात वर लिहायचं. म्हणजे जागा कमी पडली तर डोळे मिटून खालून कापता येतं. मी खालून कापलं. डोळे मात्र मिटलेले नव्हते. त्या चार ओळी मी वाचल्या होत्या. प्रत्येक उत्तराखाली डॉक्टर असं काहीतरी लिहीत. मला त्या नेहमीच्या वाटल्या.

मथळाही माझाच होता. ‘उतारवयात गोळ्यांचं ओझं कशाला?’

पुढचं शोभाताईंनी उभ्या उभ्या सांगितलं. रविवारी नवऱ्याने उत्तर दुकानातून मोठ्याने वाचून दाखवलं. “आपलंच पत्र हाय,” त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, “पेपरात आलं म्हंजी झालं. डाक्टरच म्हणतोय की.” सासूबाई हसल्या. “सुटले बाई!” म्हणाल्या. सोमवारपासून नऊच्या नऊ गोळ्या बंद झाल्या.

“तीन दिस अख्खी भाकर खाल्ली त्यांनी. चक्कर न्हाई. वसरीपर्यंत एकट्या चालत गेल्या. मला म्हणल्या, शोभे, तू लई शानी हायस.”

चौथ्या दिवशी सकाळी शोभाताई वेणी घालत असताना सासूबाईंना फिट आली. पहिली थांबायच्या आत दुसरी. जीप करून अंबाजोगाईला नेलं. शनिवारी त्या गेल्या.

बारा वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या होत्या, डोक्याला मार बसला होता. तेव्हापासून संध्याकाळी फिटची एक गोळी चालू होती. बारा वर्षांत फिट आली नव्हती. म्हणून ती गोळी घरात सगळ्यांना सगळ्यात बिनकामाची वाटत होती.

गेवराईच्या दोन नणंदा आल्या. मातीच्या दिवशीच म्हणाल्या, “म्हातारीच्या गोळ्या हिनं बंद केल्या.” कात्रण दाखवलं तर म्हणाल्या, “पत्र लिवायला तुला कुणी सांगितलं होतं?” नवरा दुकानात बसून राहिला. रविवारी आपण वाचून दाखवलं होतं, हे त्याने बहिणींना सांगितलं नाही.

शोभाताई कात्रण घेऊन अंबाजोगाईला त्या डॉक्टरांच्या घरी गेल्या. डॉक्टर म्हणाले, मी खाली चार ओळी लिहिल्या होत्या, पेपरवाल्यांना विचारा.

“नणंदा म्हणत्यात, डाक्टर आता आपली कातडी वाचवतोय. पेपरात आलं तरच त्या खरं धरतील. तुमी छापा, की त्या ओळी होत्या आन् तुमी काढल्या. मला त्या घरात ऱ्हायचंय, साहेब. दोन लेकरं हायत.”

छापून झालेले हस्तलिखित कागद टेबलावरच्या उभ्या खिळ्यात खोचायची आमची पद्धत होती. डॉक्टरांचा कागद त्या खिळ्यात होता, बाईंच्या हातापासून दीड फुटावर. मी म्हणालो, “ओळी होत्या. मी कापल्या.”

त्यांनी कात्रण टेबलावर उलगडून ठेवलं. मग म्हणाल्या, “तेवढंच छापा.”

मी संपादकांच्या खोलीत गेलो.

“कापल्या म्हणजे गुन्हा केला का?” ते म्हणाले. “रोज कापतो आपण. आपण पेपर काढतो बाबा, दवाखाना नाही चालवत.”

“बाईंवर आळ आलाय.”

“त्यांच्या घरातलं आहे ते. असं छापलं तर उद्या जिल्ह्यातला जो तो कात्रण घेऊन दारात उभा राहील. शुद्धिपत्र देऊ म्हणावं. आणि कागद ऑफिसबाहेर जाता कामा नये.”

बाहेर येऊन बाईंना शुद्धिपत्र देऊ म्हणालो. डॉक्टरांचा कागद मी दिला नाही. दिला असता तर नोकरी गेली असती का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

डॉक्टरांना फोन केला. ते चिडले नव्हते. म्हणाले, “पेशंट दारातून बाहेर पडताना आम्ही जे सांगतो, तेवढंच त्याच्या लक्षात राहतं. म्हणून महत्त्वाचं आम्ही शेवटी सांगतो. तुम्ही लोक शेवटचंच कापता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” पुढच्या बुधवारी त्यांचं पाकीट आलं नाही. त्यानंतरही आलं नाही.

शुद्धिपत्र म्हणजे चूक झाल्यावर पेपरने दिलेला खुलासा. मी तीन वाक्यं लिहिली. पहिलं: सदरातील उत्तराचा काही भाग जागेअभावी वगळला गेला. दुसरं: वाचकांनी औषधे डॉक्टरांना विचारूनच बंद करावीत. तिसरं: हा इशारा डॉक्टरांनी दिला होता, तो वगळण्याची चूक आमची आहे. संपादकांनी कागद वाचला आणि पेन फिरवलं. त्यांनीही खालूनच कापलं.

दोन वाक्यं रविवारी छापून आली.

दहा-बारा दिवसांनी वडवणीच्या आमच्या वार्ताहराकडे मी शोभाताईंची चौकशी केली. तो म्हणाला, त्या माहेरी आहेत. शुद्धिपत्र घरात पोचलं होतं. थोरल्या नणंदेने ते सगळ्यांसमोर वाचलं. ‘डॉक्टरांना विचारूनच बंद करावीत’ या शब्दांवर बोट ठेवून तिने विचारलं, “बघ, पेपरच म्हणतोय. विचारलं होतंस का कुणाला?”

याचं उत्तर कापलेल्या तिसऱ्या वाक्यात होतं.

पुढे वीस वर्षं मी पानं लावली. औषधाचा मजकूर आला की आधी शेवटच्या ओळी वाचायचो आणि त्या उचलून सगळ्यात वर घालायचो. नवीन उपसंपादकांनाही तेच शिकवलं. शिकवताना कारण विचारणारे थोडे होते. त्यांना मी वडवणीचं सांगायचो नाही. एवढंच सांगायचो, डॉक्टर उलटं लिहितात.