पिंपाला वळसा

हंगामातल्या शेवटच्या शर्यती पावसाळ्याच्या तोंडावर खाडीत व्हायच्या. त्याआधी आमच्या कॉलेजच्या पथकाचं शिबिर जळगावकडच्या एका धरणावर लागायचं. खान्देशात शिडाच्या होड्या म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मे महिन्यात आमच्याकडे पाणी कमी असतं, वारा कमी नसतो.

शिडाच्या होड्या दोन होत्या. एक मुलांची, एक मुलींची, हे बोलण्यापुरतं. प्रत्यक्षात मुलींनी खिचडी टाकायची, भांडी घासायची आणि मुलांची होडी उलटली की छोट्या होडक्यातून वल्ही मारत त्यांना आणायला जायचं. मी धुळ्याची, संघटनेची पत्रकं लिहून हात बसलेला. आल्या आल्या जेवणाच्या तंबूवर चिकटवलं: 'फोडणी घरी शिकलो, इथे शीड शिकायला आलो.'

शिबिराचे सर जहाजावरची नोकरी करून आलेले. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"पत्रकानं होडी चालते का गं?"

"हातात दिलीत तर कळेल, सर."

"बरं. ट्रकमध्ये एकाच होडीची जागा आहे. शेवटच्या दिवशी दोन्ही सोडू. जी पिंपाला वळसा घालून परत येईल, ती शर्यतीला जाईल." हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पिंप म्हणजे पाण्याच्या मध्यावर तरंगत ठेवलेलं तेलाचं रिकामं पिंप.

सुकाणू माझ्याकडे, शिडाचा दोर माझ्या जोडीदारणीकडे. ती रावेरकडची, केळीवाल्यांची. हाताला जोर भरपूर, पण जोराचा झोत आला की ती दोर सोडून द्यायची. दोर सोडला की शीड नुसतं फडफडतं आणि होडी जागच्या जागी डुलत राहते. मग ती म्हणायची, काठाकडे घे, टेकडीच्या आडोशाला.

"अगं ओढ! वाऱ्यासाठीच तर आलोय आपण!"

"आमच्याकडे असा वारा सुटला का बाप ताटावरून उठतो," ती म्हणाली.

घड लागलेली केळ वाऱ्यानं मोडते. म्हणून ते लोक बागेभोवती शेवरीची दाट रांग लावतात. वारा आत येऊ द्यायचा नाही, हे ती चालायला लागली तेव्हापासून शिकलेली. मी तिला भाषण दिलं: ही भीती तुझी नाही, व्यवस्थेनं ती तुझ्यात घातली आहे.

"मंग व्यवस्थेलेच सांग दोर धराले," ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी दुपारी दोन्ही होड्या सुटल्या. मुलं भराभर पुढे गेली. निम्म्यात पश्चिमेकडून धुळीचा पडदा उठला आणि वारा अंगावर आला. तिनं दोर सोडला. मी ओरडले, घसा बसेपर्यंत ओरडले. ती रावेरच्या दिशेला बघत होती. शेवटी मी वल्ह्यानं होडी टेकडीआड घेतली. तिथून दिसलं, मुलांनी शीड ताणूनच धरलं होतं आणि त्यांची होडी सपशेल आडवी झाली. काठावरच्या मुली होडक्यातून वल्ही मारत त्यांना आणायला निघाल्या.

झोत ओसरल्यावर तिनं दोर पुन्हा ओढला. आम्ही पिंपाला वळसा घातला, परत आलो. कपडेसुद्धा भिजले नव्हते.

संध्याकाळी पाहते तर ट्रकमध्ये मुलांची होडी चढवणं चाललेलं.

"सर, ही पिंपापर्यंत पोचलीच नाही!"

"वाऱ्याशी झुंजली तरी. तुम्ही लपलात. खाडीत टेकड्या नसतात."

म्हणजे मुलं उलटली तर ती झुंज आणि आम्ही परत आलो तर तो भित्रेपणा. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. मी ट्रकच्या पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसले. धरणं धरायला मला मंडप लागत नाही.

"ऊठ. नाटक नको."

"तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणाला होतात, ते पुन्हा सांगा. मग उठते."

जोडीदारीण कणकेच्या हातांनी तंबूतून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. मग उलटलेल्या होडीवरचा नरडाण्याचा मुलगा, केस अजून ओलेच, ट्रकवरून म्हणाला, "सर, तुम्हीन वळसाच सांगेल व्हता ना. आमना वळसा नही झाया."

सरांनी टोपी काढली, परत घातली. "उतरवा," म्हणाले. पोरांनी कुरकुरत स्वतःची होडी उतरवली आणि आमची चढवली.

ट्रक निघाला तेव्हा आम्ही दोघी होडीला टेकून मागे बसलो होतो. नशिराबाद मागे पडलं. तिथून पुढे रस्त्याकडेला वाऱ्यानं आडवी झालेली केळीची एक बाग दिसली, तेव्हा तिनं मान वळवली.

"तठी खाडीवर केयीच्या बागा आहे का गं?"

"नाहीत. पाणीच पाणी."

तिनं दोराचं वेटोळं मांडीवर ओढून घेतलं.

"मंग नही सोडत," ती म्हणाली.