दगडावर पाजव

नागभीडच्या दुकानात मी धारेचा दगड घ्यायला गेले, तेव्हा दुकानदारानं आधी चमकणारा काढला. चमकणाऱ्या दगडावर माझा भरवसा नाही. मी पाणी मागितलं.

"पेयाले का?" त्यानं विचारलं.

मी हातातल्या दगडावर पाणी ओतलं, ते वरच्या वर घरंगळून गेलं. दगड परत दिला. दुसराही तसाच. तिसऱ्यानं पाणी हळूहळू आत ओढलं, बारीक बुडबुडे आले. एक बाजू खरबरीत, एक मऊ. टिचकी मारून आत भेग नाही ना पाहिलं आणि तोच घेतला.

घरी आणल्यावरही आठ दिवस संशय होताच. पण दगड खरा निघाला. आधी पाण्यात भिजवायचा, मग पातं खरबरीत बाजूवर दहा-बारा वेळा ओढायचं, शेवटी मऊ बाजूवर हलक्या हातानं. धार मी बोटावर पाहत नाही, नखावर पाहते. पातं नखावर घसरलं तर बोथट, अडकलं तर झालं. घरातले चाकू आणि भाजी चिरायची पावशी, सगळं त्या एका दगडावर वर्षभर चाललं.

मग सून आली. धानोऱ्याकडची, जंगलातल्या गावची. पोरानं स्वतः पसंत केलेली. पोरगा ऊर्जानगरला कामावर, रविवारी येतो. बाकी दिवस घरात आम्ही दोघीच, आणि मला तोंडानं बोलणं जड जातं. ही पोरगी इथं राहील की आपल्या गावी निघून जाईल, याचाच मला घोर होता. तिची पिशवी खुंटीला असायची. ती फुगलेली आहे की सपाट, हे मी सकाळी उठल्याबरोबर बघायचे.

दुसऱ्याच दिवशी मी तिला मोरीजवळचा दगड दाखवला आणि एवढंच म्हटलं, "रोज दगडावर पाजवत जा." तिनं मान हलवली.

पंधरा दिवसांत पावशी बोथट झाली. मी स्वतः दगडावर ओढून पाहिली, तर पातं साबणावरून गेल्यासारखं घसरलं. पाणी टाकलं, ते थेंब होऊन वरच उभं राहिलं. आधी दुकानदारावर संशय गेला. मग मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाची बाटली दिसली, चार बोटं खाली गेलेली. मी सुनेच्या मागून जाताना तिच्या केसांचा वास घेतला. केसांना खोबरेल होतं. मग टोळीचं तेल जातं कुठे? माहेरी? आणि तिनं माहेरून आणलेला छोटा चाकू मात्र काकडीतून सरकन जायचा. तिचा चाकू धारदार, माझी पावशी बोथट. मी विचारलं नाही. दगड तांदळाच्या डब्यात तळाशी लपवला.

संध्याकाळी ती मोरीजवळ बराच वेळ शोधत होती. तिनंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खुंटीवरची पिशवी फुगलेली होती.

शनिवारी ती पावशीवर वास्ते चिरत होती. बांबूचे कोंब कोवळे, पण पावशी चालेना. तिनं जोर लावला, कोंब सटकला आणि तळहात कापला. मी हळद दाबून धरली.

"धार नाई तिले," ती म्हणाली.

"तू पाजवली नाईस."

"रोज तं पाजवून राह्यली होती. तुम्हीच दगड लपवला."

मी तिचा हात धरूनच विचारलं, "काय पाजवलं?"

"तेल. टोळीचं. रोज चमचाभर."

"दगडाले?"

"तुम्हीच तं म्हनल्या, आई. आमच्या घरी गोंडी बोलते. शाळेत 'धार लावणे' शिकवलं. पाजवणं म्हंजे लेकराले पाजते तसं समजली मी. मनात आलं, हे तं बुद्धाले मानणारे लोक, मंग दगडाले काऊन पाजते? पण नवी होती, नाई विचारलं."

मला हसू आलं, पण ते आवरलं. "अन् तुझ्या चाकूले कुठी धार लावते?"

"मागच्या पायरीवर."

मी जाऊन पायरी पाहिली. कडेला घासल्याची लांब खूण होती.

दगड डब्यातून काढला. सोडा घातलेल्या गरम पाण्यात तीनदा उकळला, ओल्या रेतीवर घासला. खरबरीत बाजू सुधारली. मऊ बाजूला अजून टोळीचा वास येतो.

रविवारी पोरानं विचारलं, "काय झालं हाताले?"

"दगड तहानलेला होता," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ताटात भाजी वाढत राहिले. तो एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत जेवला.

सोमवारी तो गेल्यावर मी खुंटीजवळ गेले. पिशवी सपाट दिसत होती. दिसण्यावर कशाला जायचं, म्हणून हात घालून पाहिला. मागे ती उभी होती.

"काय शोधून राह्यल्या, आई?"

"दगड," मी म्हटलं.

दगड माझ्या दुसऱ्या हातात होता. तिनं तो घेतला आणि पाण्यात भिजत घातला.