हवामान शेवटी

वैजयंती सबनीस वाशीत ज्या इमारतीत राहायची, तिथल्या निम्म्या लोकांना ती रेडिओवर बातम्या वाचते हे ठाऊकच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते रेडिओ ऐकत नव्हते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी केबल आली होती आणि रेडिओ कपाटावर चढून धूळ खात बसला होता. बातम्या देणारी बाई दिसायला लागल्यापासून नुसती ऐकू येणारी बाई कुणाच्या खिजगणतीत राहिली नव्हती. वैजयंतीला त्याचं फारसं दुःख नव्हतं. चारचौघांत मिरवायची हौस तिला नव्हतीच.

केंद्रावर ती कायम नोकरीत नव्हती. 'कॅज्युअल' म्हणून यादीत नाव होतं, महिन्याला मिळतील तेवढ्या ड्युट्या करायच्या. पण त्या यादीतल्या सगळ्यांत तिचा दबदबा होता तो एका गोष्टीसाठी. बातमीपत्र ती सेकंदाला सेकंद जुळवून संपवायची. ऐन वेळी कुणाचं तरी भाषण येऊन पडलं, मधेच दोन पानं वाढली, तरी इतरांसारखी तिची त्रेधा उडत नसे. संपादक पोतनीस कौतुकानं म्हणायचे, "बाई नाहीत हो या, गजर लावलेलं घड्याळ आहे."

आता यातली खुबी काय, तर हवामान. बातमीपत्रात हवामान शेवटी. भाषणं, उद्घाटनं, क्रिकेट सगळं आटोपलं की जो काही वेळ उरेल त्यात ते बसवायचं. पंगत उठताना आलेल्या पाहुण्याला जे मिळतं, तेच हवामानाच्या वाट्याला यायचं. वेळ असला तर ठीक, नसला तर वैजयंती एक दीर्घ श्वास घ्यायची आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा एका दमात पार करायची. घरीसुद्धा ती कधी घाईत बोलली की नवरा, मधुकर, डबा भरता भरता म्हणायचा, "हवामान झालं. आता बातम्या सांग."

गंमत अशी, की अख्ख्या बातमीपत्रात तिला खरी माया होती ती त्या शेवटच्या पानाचीच. वाचताना ती पळायची, पण घरी परतताना बस खाडीपुलावर आली की खिडकीशी बसून तीच वाक्यं मनात सावकाश म्हणायची. हर्णै. जयगड. वेंगुर्ला. लहानपण ठाण्यात गेलं, संसार वाशीत, यातलं एकही गाव तिनं पाहिलं नव्हतं, तरी प्रत्येकाचं एक चित्र तिच्याजवळ होतं. हर्णैला संध्याकाळी सगळं केशरी होतं. जयगडला कुणीतरी दिवा घेऊन पायऱ्या उतरतं. 'हवामान कोरडे राहील' या वाक्यात तिला एक भलंमोठं सारवलेलं अंगण दिसायचं, त्यात कुणीच नाही, नुसतं ऊन. हिवाळ्यात तर बघायलाच नको. खाडीवर धुकं उतरलेलं, पाणी कुठलं आणि आभाळ कुठलं ते कळत नाही, आणि त्या धुक्यातून आपलाच आवाज कुठेतरी लांब चाललाय असं तिला वाटायचं. कुठे चाललाय, कुणासाठी, असले प्रश्न तिला पडत नसत. स्वप्नात कोण पत्ता विचारतं?

तसा वाशीचा हिवाळा म्हणजे नावालाच. स्वेटर आहे म्हणून लोक काढतात, आणि दहाच्या सुमाराला पुन्हा कमरेला गुंडाळतात. पण त्या डिसेंबरात एक विचित्र आठवडा आला. सोमवारी संध्याकाळी शेवटच्या पानावर येत्या आठवड्याचा अंदाज होता. अरबी समुद्रात दक्षिणेला कमी दाबाचा पट्टा, त्याचं वादळ होऊन ते किनाऱ्याला धरून वर सरकणार, बुधवारपासून वाऱ्याचा जोर वाढणार, समुद्र खवळणार, बंदरांत धोक्याचा तीन नंबरचा बावटा, मच्छीमारांनी परत फिरावं. पान आलं तेव्हा वैजयंतीनं ते दोनदा वाचलं. हिवाळ्यात वादळ! तिला वाटलं, गाढ झोपेत कुणीतरी ओरडावं तसं आहे हे. पण त्या दिवशी एका अधिवेशनातली खडाजंगी लांबली, आणि वादळ, वारा, बावटा, मच्छीमार सगळे तिनं उरलेल्या वेळात कोंबून बसवले. बातमीपत्र वेळेवर संपलं. काचेपलीकडून पोतनीसांनी अंगठा दाखवला.

मंगळवारी सकाळी रंगूबाई आली. रंगूबाई दिवाळे कोळीवाड्यातली. गेली कित्येक वर्षं डोक्यावर पाटी घेऊन ती या इमारतीचे जिने चढायची. गळ्यात सोन्याची जड माळ, तोंडात तंबाखू आणि जिभेवर कुणाचीही भीड नाही. एरवी तिची हाक दोन मजले खालून यायची. त्या दिवशी हाक नाही, काही नाही. वैजयंतीनं दार उघडलं तर ही पाटी बाजूला ठेवून पायरीवर बसलेली. पाटीत थोडी मांदेली, तीही शिळी.

"काय गं रंगूबाई, बरं नाही का?"

"मना काय धाड भरलीय?" रंगूबाई म्हणाली. "होरी आली नाय गो. म्हातारा नि दत्तू, दोघं बी दर्यावर हायत. बरफ भरून गेलेत, मुरुडच्या पन खाली. बंदरावर बावटा लागलाय म्हनतात. त्यांना तिकडं कोन सांगल?"

होरी म्हणजे होडी, म्हातारा म्हणजे तिचा नवरा, आणि दत्तू तिचा एकुलता एक मुलगा. अशा वेळी माणूस जे पाठ असतं तेच बोलतो. वैजयंती हळूच, बातमीतल्याच आवाजात म्हणाली, "हो. बुधवारपासून समुद्र खवळलेला राहील."

रंगूबाईनं मान वर केली. डोळे बारीक करून ती वैजयंतीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ये बाय. तू तीच का गो? रेडूवरची?"

वैजयंतीला क्षणभर आनंदच झाला. इतक्या वर्षांत आवाजावरून ओळखणारं पहिलं माणूस! "हो, मीच," ती लाजून म्हणाली. "तुम्ही ऐकता?"

"आमी नाय ऐकनार तर कोन ऐकनार? तुमचे हे सायेब लोक?" रंगूबाईचा आवाज चढला. "सगल्या होऱ्यांवर टानझिस्टर हाय, पलास्टिकमदी बांधलेला. बाकी बातमी आमाला काय करायचीय? म्हातारा कान लावून बसतो तो वाऱ्यासाठी. आनि ती बातमी आली, का तू अशी पलत सुटतंस, कुत्रं पाठी लागल्यावानी! तीन नंबर बोललीस का दोन नंबर, कोनाला बी कलत नाय. कोलीवाड्यात तुला काय शिव्या घालतात, तुला म्हाईत हाय?"

वैजयंतीचा चेहरा उतरला. खाडीपुलावरून लांब जाणारा तो आवाज, तो ह्या माणसांकडे जात होता. ती केशरी गावं, तो दिवा, ते अंगण, सगळं तिनं स्वतःच्या सुखासाठी जपलं होतं, आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या रेडिओला कान लावलेल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला काय, तर तिची धाप. तिला शरम वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत.

रंगूबाईचा राग मात्र आला तसा ओसरला. तिनं वैजयंतीचा हात धरला. तिचा हात मिठानं खरखरीत झालेला आणि थंडगार होता. "आज तू बोलशील ना? मग असं बोल ना गो, वारा पडल म्हनून."

"माझ्या बोलण्यानं वारा पडत नाही गं, रंगूबाई."

"मग कोनाच्या बोलन्यानं पडतो?"

रंगूबाई उठली, पाटी डोक्यावर घेतली. जाता जाता म्हणाली, "नायतर निदान कलल असं तरी बोल."

संध्याकाळी वैजयंती वेळेच्या आधीच केंद्रावर पोचली. पोतनीसांसमोर उभी राहून तिनं विचारलं, "सर, आज हवामान आधी घेऊ या? वादळाची सूचना आहे."

पोतनीस माणूस वाईट नव्हता, फक्त रूळ सोडून चालायची त्याला सवय नव्हती. "सूचना आहे ना, मग वाचा की. पण हवामान शेवटी असतं, बाई. तुम्हाला मी सांगायला हवं?"

स्टुडिओचं जाड दार बंद झालं. आत नेहमीची शांतता, कापसात ठेवल्यासारखी. लाल दिवा लागला. वैजयंतीनं ठळक बातम्या वाचल्या, मग पानांच्या चळतीतून सगळ्यात खालचं पान ओढून वर घेतलं. आपण हे करतोय हे तिला लांबून दिसल्यासारखं दिसलं.

"मच्छीमार बांधवांसाठी सूचना," ती म्हणाली, आणि थांबली. रेडिओवर असं कुणी थांबत नाही.

मग ती बोलत राहिली, मुलाला घास भरवावा तशी एकेक शब्द. वादळ कुठे आहे. कुठून कुठे सरकतंय. वारा कुठल्या दिशेनं, किती जोराचा. जयगड म्हणाली आणि थांबली, जणू जयगडला जाऊन परत यायला वेळ लागतो. हर्णै म्हणाली आणि थांबली. काचेपलीकडे पोतनीस उभे राहिले होते, हातानं गोल गोल खुणा करत होते, आवरा, आवरा. ती त्यांच्याकडे पाहत होती, पण तिला काचेत धुकं दिसत होतं, आणि धुक्यात खालीवर होणारी एक होडी. कुणाच्या तरी थकलेल्या कानाशी आपण बसलोय, असं तिला वाटलं. सगळी सूचना संपली तेव्हा तिनं ती पहिल्यापासून पुन्हा वाचली. तितकीच सावकाश. त्या दिवशी एक उद्घाटन आणि सगळं क्रिकेट पानांतच राहून गेलं.

ती बाहेर आल्यावर पोतनीस ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "वरून विचारणा झाली. या महिन्याच्या उरलेल्या ड्युट्या रद्द, आणि पुढच्या महिन्याच्या यादीतही तुमचं नाव धरता येणार नाही मला." तिनं मान हलवली. तिला त्या वेळी पुढचा महिना दिसतच नव्हता.

बुधवारी वाशीवर मळकं आभाळ उतरलं. भर डिसेंबरात पाऊस शिंपडला, आणि वारा असा सुटला की गॅलऱ्यांतले वाळत घातलेले स्वेटर उडून खालच्या झाडांना लटकले. लोकांनी खिडक्या लावून भजी तळली. वैजयंती गॅलरीच्या दाराशी उभी राहून वाऱ्याचा आवाज ऐकत होती. रंगूबाई आली नाही. दुसऱ्या दिवशी वारा मंदावला, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं, खरी थंडी पडली, तरीही रंगूबाई नाही. मधुकर पेपर उघडायचा आणि पुन्हा घडी घालून ठेवायचा. जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की वैजयंती हातातलं काम सोडून दारात यायची. आपण त्या दोघांसाठी उशीर केला, एका संध्याकाळचा उशीर, हे तिच्या मनातून जात नव्हतं. सोमवारीच नीट वाचलं असतं तर?

मग एका सकाळी ती भांडी घासत असताना दोन मजले खालून हाक आली. "बाय गोऽऽ!"

वैजयंती तशीच धावली. रंगूबाई धापा टाकत वर आली, पाटी खाली ठेवली आणि मटकन बसली. "आले! दोघं बी आले! रेवदंड्याच्या खारीत शिरून बसले होते मेले. वारा पडंपर्यंत तिथंच. काल सांजचे आले. होरीला वरखडा बी नाय."

वैजयंतीला हुंदका आवरेना. ती रंगूबाईच्या शेजारी पायरीवर बसली. "म्हणजे ऐकलं त्यांनी? कळलं सगळं? दिशा, वारा, सगळं?"

"काय कलतंय!" रंगूबाई हसायला लागली. "टानझिस्टरची बॅटरी मरायला आलेली. नुसती खरखर. दत्तू बोलतो, शब्द म्हनून एक पन समजला नाय. फकस्त तुझा आवाज येत होता. पन म्हातारा बोलला, थांब. ही बाय रोज पलतं. आज थांबून थांबून बोलतं. म्हंजे आज काय तरी खरं हाय. जालं ओढा, मागं फिरा."

वैजयंती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळेना. इतकी जपून उच्चारलेली ती गावं, ते आकडे, त्यातलं काहीच पोचलं नव्हतं. पोचलं होतं ते नुसतं तिचं थांबणं.

रंगूबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले, अगदी लेकीचे पुसावेत तसे. "आज पन वाचशील ना सांजचं?"

"नाही गं. आता मी नाही वाचत. यादीतून नाव गेलं माझं."

रंगूबाईचं हसू थांबलं. तिनं विचारलं, "मग आमाला कलल कसं?"

वैजयंती उठली आणि साबणाच्या हातांनीच आत फोनपाशी गेली. केंद्राचा नंबर फिरवला. पलीकडे पोतनीसच होते.

"सर, मी सबनीस. बातम्या तुम्ही दुसऱ्या कुणालाही द्या, माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा करत. "मला फक्त हवामान द्या."

उत्तराची वाट बघत ती रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली, आणि दारात रंगूबाई पाटी उचलायची थांबली.