कारण नसलेला अर्ज

'मा. व्यवस्थापक साहेब यांस' एवढं लिहून माझा हात थांबला होता. टेबलाभोवती सातजण उभे होते.

"लिही ना पटापट... चहाची सुट्टी संपेल," पॅकिंगचा गायकवाड म्हणाला. "विषय टाक, विनायकला कामावरून काढणेबाबत."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो. मराठी घेऊन बी.ए. झालेला, अक्षर बरं... म्हणून सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. रजा, बदली, कॅन्टीनच्या डाळीतल्या अळ्या.

विनायक लॅबमध्ये होता. त्याच्या मित्राचं पत्र कारखान्याच्या पत्त्यावर आलं, कुणीतरी ते फोडलं. प्रेमाचं पत्र होतं. दुपारपर्यंत ते लॅबपासून बॉयलरपर्यंत सगळ्यांनी वाचलं. त्या दिवसापासून जेवताना त्याच्या डब्यात कुणी हात घातला नाही.

माझीही पत्रं त्याच पत्त्यावर येत होती. तसलीच. एक तर त्या क्षणी ड्रॉवरमध्ये होतं, हजेरीच्या रजिस्टरखाली... गायकवाडच्या मांडीपासून वीतभर अंतरावर.

"विचार कसला करतोस?" तो म्हणाला. "का रे, तुझं पण लग्न जमत नाहीये ना अजून?"

सगळे हसले. मीही हसलो.

मी विषय लिहिला. विनायकचं नाव माझ्या अक्षरात सुबक दिसत होतं. ते मला अजून दिसतं.

विषयाखाली कारण लागतं. काय घडलं, कधी घडलं, कुणी पाहिलं... नाहीतर साहेबांकडून अर्ज परत यायचा. दर अर्जाला विचारायचो तसंच मी विचारलं, "कारण काय लिहू?" यात धाडस काहीच नव्हतं. सवयीने शब्द बाहेर आले.

"लिही की, तो तसला आहे म्हणून."

"साहेब विचारतील, त्याने केलं काय?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

अर्जावर पहिली सही धर्मादादांची असायची. शेजारच्या नावडे गावचे, बॉयलरवरचे, कारखान्यात सगळ्यांत जुने. त्यांच्या आधी कुणी पेन उचलत नसे. ते दारात उभे राहून फडक्याला हात पुसत होते.

"ह्यो बराबर इचारतं," ते म्हणाले. "पोरानं केलं काय, ता सांगा आदी. मंग सही करतो."

"दादा, पत्रात आहे ना सगळं!"

"पत्र त्याचा हाय. फोडला कोनी?"

गायकवाड खिडकीबाहेर बघू लागला. भोंगा वाजला, तसे सगळे पांगले.

कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला, माझ्या पत्रावर. फाडायची हिंमत झाली नाही... उद्या कुणी मागितला तर?

धर्मादादा आता नाहीत. त्या दुपारी त्यांनी दोघांना वाचवलं, पण त्यांना एकच माहीत होता. मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते इथे सांगतोय... विनायकला विचारून, त्याचं नाव बदलून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला विनायक माझ्या टेबलाशी आला. राजीनामा लिहून दे म्हणाला. मी म्हटलं, कारण लिहावं लागतं. तो म्हणाला, कारण काही नाही. मी म्हटलं, मग अर्ज होत नाही. त्याने टेबलावरचं पेन उचललं. मग हजेरीच्या रजिस्टरमध्ये सही करून लॅबमध्ये गेला.