सगळ्यांच्या फायली, माझी खुर्ची

"तिच्या मशीनवरून टाकतो ना काका. ती काही बोलत नाही."

डिझायनर हे माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून म्हणाला. माझ्या कानात हेडफोन होते, म्हणजे मला ऐकू येत नाही असं त्याने धरलं होतं. हेडफोनमध्ये गाणं नव्हतं. ऑफिसात कधीच नसतं. हेडफोन घातले की माणसं मोकळेपणाने बोलतात, एवढ्यासाठीच मी ते घालते.

मग त्याने माझ्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केलं. मी उठले आणि कूलरपाशी जाऊन उभी राहिले. तहान लागल्यासारखं दाखवायला एक ग्लास भरून घेतला. असे मी दिवसाला आठ-दहा ग्लास भरत असे. माझी किडनी त्या ऑफिसात सगळ्यात निरोगी असणार.

अंधेरी पूर्वेला एका गाळ्यात आमचं खोके छापायचं काम चालतं. मिठाईचे, औषधांचे, साड्यांचे खोके. वरच्या माळ्यावर डिझायनरचा पांढराशुभ्र, महागडा कॉम्प्युटर. तो इतका महाग की त्याच्याजवळ चहा नेलेला चालत नाही. खाली प्लेटरूममध्ये काका आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर. तो इतका जुना की त्याच्यावर काका चहा ठेवतात. छपाईची प्लेट काढायचं मशीन फक्त या जुन्याचंच ऐकतं, म्हणून तो टिकून आहे. एकाच वायरीवर असून या दोघांचं बोलणं बंद. नव्याला जुना धोकादायक वाटतो, जुन्याला नवा दिसतच नाही.

पेन ड्राइव्हने काम झालं असतं. पण एकदा व्हायरस आला म्हणून आमच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, सगळ्या कॉम्प्युटरची भोकं चिकटपट्टीने बंद करून वर स्वतःची सही केली. शनिवारी येणाऱ्या नेटवर्कवाल्याने तेव्हा एक तोड काढली. वर जिन्यापाशी असलेला माझा कॉम्प्युटर मधल्या वयाचा होता, त्याला दोघांशीही बोलता येईल असं करून दिलं. तात्पुरतं, म्हणाला. नंतरच्या शनिवारी तो आलाच नाही.

तेव्हापासून वरची प्रत्येक फाइल माझ्या खुर्चीवर बसून खाली जायची. माझं खरं काम खोक्यांवरचा मजकूर तपासायचं. ते मी उरलेल्या वेळात करायचे. सर एकदा फोनवर कोणाला तरी सांगत होते, "मुलगी स्लो आहे, पण शांत आहे." माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं. पक्कं करण्याचं पत्र सरांच्या टेबलावर होतं, सहीवाचून.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे प्रत्येक फाइलचं नाव 'श्रीगणेश'ने सुरू होतं, इंग्रजी अक्षरांत. सरांच्या वडिलांनी कामाच्या वहीवर तसं लिहायचं ठेवलं होतं. वही गेली, नियम राहिला. अडचण एवढीच की काकांच्या कॉम्प्युटरला लांब नावं झेपत नाहीत. तो पहिली सहा अक्षरं दाखवतो आणि पुढे आलेल्या क्रमाने आकडा लावतो. त्यामुळे खाली मिठाई, औषधं, साड्या असा भेद नाही. सगळेच गणपती. गणपती एक, गणपती दोन. एक काम संपलं की काका सगळं पुसतात, पुढचं पुन्हा एकपासून. ताडून बघायला आधी जुनी फाइल जाते, मग दुरुस्त केलेली, म्हणून दोन नंबर म्हणजे नवीन असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. लिहिलेलं कुठेच नव्हतं.

त्या दिवशी मी कूलरपाशी उभी असताना डिझायनरने मुलुंडच्या एका मिठाईवाल्याची फाइल टाकली. आधी नवीन टाकली. मग म्हणाला, "जुनी पण टाकून ठेवतो काका, बॅकअपला." जिन्यावरून काकांनी त्यांच्या मालवणीत विचारलं, "दोन नंबर मा रे?"

"नेहमीसारखं," तो म्हणाला. ग्लास माझ्या हातात होता. मला कळलं होतं, आज दोन नंबर म्हणजे जुनी. मनात वाक्यही तयार झालं, इंग्रजीत, व्यवस्थित. माझं नेहमी असंच होतं. ते मराठीत येईपर्यंत डिझायनर खुर्चीवरून उठला होता, काका खाली गेले होते, आणि मी त्याच्या बसण्याने गरम झालेली खुर्ची निवायची वाट बघत होते.

चार दिवसांनी मिठाईवाला स्वतः खोका घेऊन आला. त्याने तूप वापरणं बंद केलं होतं, म्हणून तर नवीन डिझाइन. छापून आलं होतं जुनंच, 'शुद्ध तुपातील', सोनेरी अक्षरांत.

"आता या खोक्यांसाठी तूप सुरू करू का?" तो म्हणाला. कोणी हसलं नाही. मला हसू आलं, ते मी गिळलं.

तो गेल्यावर सरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"माका दोन नंबर सांगितल्यानी, मी दोन नंबर घेतलंय," काका म्हणाले आणि चपलेकडे बघू लागले. खुर्चीवर कोण बसलं होतं ते त्यांना माहीत होतं, पण निवृत्तीला सात महिने राहिले की माणूस आपल्या चपलेत बरंच काही बघतो.

"नेटवर्कचा लोचा आहे सर," डिझायनर म्हणाला. "तिच्या मशीनवरून जाताना काहीतरी उलटंपालटं झालं असणार. तिने चेक करायला हवं होतं ना."

सरांनी माझं पत्र उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "फाइल तुझ्या मशीनवरून गेली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस, एवढं कळू नये? आता याचं काय करू मी?"

डिझायनर माझ्याकडे बघत नव्हता. गरजच नव्हती. ती काही बोलत नाही.

ड्रॉवर अजून पुरता बंद झाला नव्हता. वाक्य या वेळी इंग्रजीत तयार व्हायला थांबलंच नाही.

"फाइल माझ्या मशीनवरून गेली, सर. पण खुर्चीवर हा बसला होता, आणि मी कूलरपाशी उभी होते. नवीन आधी टाकली, जुनी नंतर, मी बघितलं आणि बोलले नाही, ती चूक माझी. उद्यापासून फाइल मी टाकीन. ज्याची असेल त्याने उभं राहायचं."